अठ्ठ्याण्णव विजय आणि एक रात्र

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ साखळी सामने खेळतो. वसंतात सुरू झालेला हा खेळ पानगळ लागेपर्यंत जवळजवळ रोज चालतो. मधे सुट्टीचे दिवस मोजकेच. २०१५ साली पिट्सबर्ग पायरेट्सनी या १६२ पैकी ९८ सामने जिंकले. तीस संघांत त्यांच्यापुढे एकच संघ होता, १०० विजयांचा सेंट लुइस कार्डिनल्स. मग ७ ऑक्टोबरच्या रात्री पायरेट्स एक सामना हरले आणि त्यांचा हंगाम संपला. त्याच वर्षी ९२ विजयांचे लॉस एंजेलिस डॉजर्स आणि ९० विजयांचे न्यूयॉर्क मेट्स मात्र थेट पुढच्या फेरीत दाखल झाले होते. तिथे पाच सामन्यांची मालिका होती, म्हणजे एखादी वाईट रात्र गेली तरी सावरायला वाव होता.

हा न्याय झाला का, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद झाला. २०२२ साली एका सामन्याची ती फेरी बंद झाली आणि तिच्या जागी तीन सामन्यांची मालिका आली, तेव्हा प्रश्न मिटला असं बहुतेकांनी धरून चाललं. माझ्या मते तो मिटलेला नाही. दुखणं एका ठिकाणी होतं आणि औषध दुसरीकडेच लावलं गेलं.

हे समजायला थोडं मागे जायला हवं. १९०३ साली वर्ल्ड सीरीज सुरू झाली. १९६८ पर्यंत व्यवस्था अगदी सरळ होती. नॅशनल लीगचा पहिला आणि अमेरिकन लीगचा पहिला, या दोघांत अंतिम मालिका. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नाही. १९६९ मध्ये प्रत्येक लीगचे दोन विभाग झाले, तरी विभागात पहिला येणाऱ्यालाच पुढे वाट होती. या जुन्या शिस्तीचं शेवटचं मोठं नाट्य १९९३ मध्ये घडलं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या खात्यावर १०३ विजय होते आणि अटलांटा ब्रेव्ह्जच्याही. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ब्रेव्ह्ज जिंकले, जायंट्स डॉजर्सकडून १२-१ असे हरले, आणि १०३ सामने जिंकलेला संघ बॅगा भरून घरी गेला. या व्यवस्थेत अन्याय नव्हता असं कोणी म्हणू नये. पण तो अन्याय १६२ सामन्यांनी केलेला होता.

त्यानंतर प्रत्येक लीगचे तीन विभाग झाले आणि ‘वाइल्ड कार्ड’ आलं. विभागात पहिले न आलेल्या संघांपैकी ज्याचे विजय सर्वाधिक, त्यालाही बाद फेरीत जागा. १९९४ चा हंगाम खेळाडूंच्या संपात बुडाला, म्हणून ही पद्धत प्रत्यक्षात १९९५ पासून लागू झाली. मग वेगळीच तक्रार सुरू झाली. १९९७ आणि २००३ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्स, २००२ मध्ये अॅनाहाइम एंजल्स, २००४ मध्ये बॉस्टन रेड सॉक्स, २०११ मध्ये कार्डिनल्स हे सगळे मागच्या दाराने येऊन जगज्जेते झाले. २००२ ची तर संपूर्ण अंतिम मालिकाच दोन वाइल्ड कार्ड संघांत झाली. विभाग जिंकून मिळतं काय, हा प्रश्न रास्त होता. कमिशनर बड सेलिग यांच्या कारकिर्दीत, २०१२ साली, त्यावर उत्तर निघालं. प्रत्येक लीगमधून दोन वाइल्ड कार्ड संघ घ्यायचे आणि त्या दोघांत एकच सामना खेळवायचा. जिंकला तो पुढे, हरला तो घरी. विभागविजेत्याला विश्रांती, बाकीच्यांना टांगती तलवार.

नॅशनल लीगमधला असा पहिलाच सामना ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटाच्या टर्नर फील्डवर झाला. यजमान ब्रेव्ह्ज ९४ विजयांचे, पाहुणे कार्डिनल्स ८८ विजयांचे. आठव्या डावात ब्रेव्ह्ज ६-३ असे मागे होते. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर त्यांचे धावपटू, एक बाद. अँड्रेल्टन सिमन्सने मारलेला चेंडू उंच उडून डावीकडच्या गवतात, आतल्या क्षेत्ररक्षकांच्या बराच पाठीमागे निघाला. शॉर्टस्टॉप पीट कोझ्मा उलट्या पावली धावत चेंडूखाली पोहोचला आणि ऐन वेळी बाजूला झाला. मागून येणारा मॅट हॉलिडे तो घेईल असा त्याचा समज झाला. दोघांच्या मधे चेंडू गवतावर पडला. सगळे बेस भरले, एकच बाद, असं समजून स्टेडियम उसळलं.

पण डाव्या रेषेवरचा अंपायर सॅम होलब्रूक याने चेंडू पडण्याच्या क्षणभर आधी हात वर केला होता. ‘इनफील्ड फ्लाय’. हा नियम फलंदाजी करणाऱ्या संघाच्या रक्षणासाठी आहे. सोपा झेल मुद्दाम सोडून क्षेत्ररक्षकांनी दोघांना बाद करू नये, म्हणून अंपायर मारणाऱ्यालाच आधी बाद ठरवतो. इथे तोच नियम फलंदाजी करणाऱ्यांच्या मुळावर आला. सिमन्स बाद, दोन बाद. प्रेक्षकांतून मैदानावर बाटल्या आणि डबे पडू लागले, १९ मिनिटं खेळ थांबला. ब्रेव्ह्जनी अधिकृत निषेध नोंदवला, तो त्याच रात्री फेटाळला गेला. निकाल ६-३ असाच राहिला. ब्रेव्ह्जचा महान खेळाडू चिपर जोन्स याची कारकीर्द त्या रात्री संपली. कार्डिनल्सना आघाडी मिळाली त्या डावात त्याच्याच हातून एक चुकीची फेक झाली होती.

एक बारकावा सांगतो. साखळी सामन्यांत मैदानावर चार अंपायर असतात. बाहेरच्या दोन रेषांवर दोन जादा अंपायर उभे करतात ते फक्त मोठ्या सामन्यांना. म्हणजे होलब्रूक ज्या जागेवरून चेंडू पाहत होता, ती जागा रोजच्या खेळात नसतेच. निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोललं जातं, आणि ब्रेव्ह्जनी त्या दिवशी फेकीच्या तीन चुका केल्या हेही खरं. मला त्यात वेगळंच दिसतं. जून महिन्यात असा निर्णय झाला असता तर तो १६२ मधल्या एका सामन्यातला एक निर्णय ठरला असता. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळ होता. त्या संध्याकाळी दुसरा दिवसच नव्हता.

बेसबॉल ‘दुसऱ्या दिवसा’वर उभा आहे. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या मनाला हे पटकन उमगत नाही. २०२३ च्या विश्वचषकात भारत सलग दहा सामने जिंकून अहमदाबादच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिथे हरला, तेव्हा ती हार आपल्याला अघटित वाटली. बेसबॉलमध्ये सलग दहा विजय हीच बातमी होते. तिथला उत्तम संघसुद्धा दहापैकी चार वेळा हरतो. २०२१ च्या डॉजर्सनी १०६ सामने जिंकले, म्हणजे ५६ गमावले. गोल बॅटवर गोल चेंडू अर्ध्या बोटाने वर-खाली लागला की होम रनचा झेल होतो. अशा खेळात गुणवत्ता एका रात्रीत दिसत नाही. ती साठत जाते, आणि साठायला महिने लागतात.

थोडं गणित करून पाहू. समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा सरस आहे आणि एका सामन्यात त्याच्या विजयाची शक्यता ५५ टक्के आहे. तीन सामन्यांच्या मालिकेत ती साडेसत्तावन्न टक्क्यांपर्यंत जाते. पाच सामन्यांच्या मालिकेत ५९. सातच्या मालिकेत जेमतेम ६१. आठवडाभर खेळूनही सरस संघ दहातून चार वेळा बाहेर पडणार. एका सामन्याऐवजी तीन खेळवले म्हणजे न्याय झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे अडीच टक्के डोळ्यांसमोर ठेवावेत.

शिवाय एका सामन्यात खेळाची जातच बदलते. हंगामभर संघाकडे पाच मुख्य पिचर असतात आणि ते पाळीपाळीने येतात. चौथा-पाचवा पिचर किती टिकतो, राखीव खेळाडू किती भार उचलतात, दुखापती कशा निभावल्या जातात, यावर ९०-९५ विजय मिळतात. बाद सामन्याला यातलं काहीच लागत नाही. तुमचा सर्वोत्तम पिचर त्या दिवशी ताजा असला की पुरे. संघांना या एका सामन्यापुरती खेळाडूंची वेगळी यादीही देता येत असे. मग चौथ्या-पाचव्या पिचरला वगळून त्या जागी वेगवान धावणारा किंवा एखादा जादा फलंदाज घेतला जाई. ज्या संघाने सहा महिने पराक्रम केला आणि जो संघ त्या रात्री मैदानात उतरला, ते दोन निराळे संघ होते.

२०१६ मध्ये टोरांटोत उलट बाजूने हेच दिसलं. बाल्टिमोर ओरिओल्सचा झॅक ब्रिटन त्या हंगामात सामना संपवायला सत्तेचाळीस वेळा आला आणि सत्तेचाळीस वेळा आघाडी राखून गेला. अशा पिचरला आघाडी मिळाल्यावरच आणायचं, ही साखळी सामन्यांतली शहाणी रीत. व्यवस्थापक बक शोवॉल्टर ती पाळत राहिले. सामना २-२ असा बरोबरीत अकराव्या डावात गेला, चेंडू उबाल्डो हिमेनेसकडे होता, आणि एडविन एन्कार्नासियोनने तीन धावांचा होम रन मारून सामना संपवला. ब्रिटनने एकही चेंडू टाकला नाही. शोवॉल्टर चुकले हे उघड आहे. पण सहा महिने ज्या सवयीने त्यांना इथवर आणलं, त्याच सवयीची शिक्षा एका रात्रीत व्हावी, ही त्या सामन्याची घडण होती.

२०२० सालचा करोनातला हंगाम वगळता २०१२ ते २०२१ या काळात असे एकूण १८ सामने झाले. हंगामात वरचढ ठरलेल्या संघाला घरचं मैदान मिळे, तेवढीच त्याच्या कमाईची दखल. या १८ पैकी यजमान जिंकले नऊ आणि पाहुणे जिंकले नऊ.

आता पिट्सबर्ग. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं पायरेट्सनी जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने जास्त. एका शहराची अख्खी पिढी हरणाऱ्या संघाला टाळ्या वाजवत मोठी झाली. २०१३ मध्ये ९४ विजय मिळवून ते वर आले आणि वाइल्ड कार्ड सामन्यात सिनसिनाटीला हरवलं. अॅलेगेनी नदीकाठच्या पीएनसी पार्कमध्ये त्या रात्री काळे कपडे घालून आलेले प्रेक्षक सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याच्या नावाचा हेल काढून गजर करत होते. चेंडू त्याच्या हातातून निसटून मातीत पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. २०१४ मध्ये त्याच मैदानावर सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅडिसन बमगार्नरने त्यांना एकही धाव करू दिली नाही, ८-०. आणि २०१५ मध्ये समोर आला शिकागो कब्जचा जेक अॅरिएटा.

आपल्याकडे ८ ऑक्टोबरची पहाट होती, साडेपाच वाजून गेलेले. त्या हंगामाच्या उत्तरार्धात अॅरिएटा कोणालाच खेळता येत नव्हता. नऊ डावांमागे त्याने सरासरी एक धावसुद्धा दिली नव्हती. कब्जच्या डेक्स्टर फाउलर आणि काइल श्वार्बर या दोघांनी पाच डावांत मिळून चार धावा काढल्या. सहाव्या डावात पायरेट्सचे तिन्ही बेस भरले, तेव्हा स्टार्लिंग मार्टेचा फटका जमिनीवरून थेट शॉर्टस्टॉपकडे गेला आणि दोघे बाद झाले. पुढच्या डावात अॅरिएटाला चेंडू लागला, दोन्ही संघ मैदानात धावले, पायरेट्सच्या शॉन रॉड्रिगेझला अंपायरनी बाहेर काढलं आणि त्याने डगआउटमधल्या पेयाच्या पिंपाला ठोशांनी बडवून काढलं. ते दृश्य अमेरिकेत अनेकांनी हसत पाहिलं. मला हसू आलं नाही. ९८ विजयांचा हिशेब मागायला त्या माणसाला दुसरं कोणी सापडलं नव्हतं. अॅरिएटाने ११ जणांना स्ट्राइकआउट केलं. ४-०.

सगळ्यांनी दोष एका सामन्याच्या पद्धतीला दिला. पण कब्जचे विजय ९७ होते. ९८ आणि ९७ मधला निवाडा एका रात्रीत लागला तर त्यात मोठा अन्याय नाही. दोन बरोबरीच्या संघांना कुठेतरी तोडायलाच हवं. पायरेट्सचा खरा दावा मेट्स आणि डॉजर्सविरुद्ध होता. त्या वर्षी सगळ्या बेसबॉलमधले पहिले तीन संघ, कार्डिनल्स, पायरेट्स आणि कब्ज, नॅशनल लीगच्या मध्य विभागात एकत्र पडले होते. एकमेकांशी सर्वांत जास्त वेळा खेळूनही त्यांनी १००, ९८ आणि ९७ विजय मिळवले. मेट्सनी पूर्व विभागात ९० विजयांवर पहिला क्रमांक मिळवला. विभागाच्या रेषा भूगोलाने आणि सोयीने आखलेल्या असतात. त्या रेषेला विजयांपेक्षा जास्त किंमत देणं, इथे मूळ दुखणं आहे.

आणि ते आजही तसंच आहे. सध्या प्रत्येक लीगमधून सहा संघ बाद फेरीत जातात. पहिल्या दोन विभागविजेत्यांना विश्रांती, उरलेल्या चौघांत तीन सामन्यांच्या मालिका. २०१५ चे आकडे या नव्या व्यवस्थेत घालून पाहा. ९२ विजयांचे डॉजर्स विश्रांती घेतील. ९० विजयांच्या मेट्ससमोर ८४ विजयांचे जायंट्स येतील. आणि ९८ विजयांचे पायरेट्स पुन्हा ९७ विजयांच्या कब्जसमोरच उभे राहतील, फरक इतकाच की एका रात्रीऐवजी तीन रात्री.

दुसरा अन्याय याच्या उलटा आहे. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स १०७ विजय घेऊन विभागात पहिले आले आणि डॉजर्स १०६ विजयांवर दुसरे. डॉजर्सना ९० विजयांच्या कार्डिनल्सशी एक सामना खेळावा लागला. नवव्या डावात दोन बाद असताना ख्रिस टेलरने होम रन मारला म्हणून ते ३-१ असे वाचले. वाचले, म्हणून बोंब झाली नाही. पण सोळा विजयांचं अंतर सहा महिन्यांत कमावलं होतं, आणि त्या रात्री त्यातलं घरचं मैदान सोडून काहीही शिल्लक नव्हतं. इथे बाधा आली ती खातं कोरं करण्याची.

तीन सामन्यांच्या मालिकेनेही खातं कोरंच होतं. तिचे सगळे सामने वरच्या संघाच्या मैदानावर होतात. तरी २०२२ ते २०२५ या चार वर्षांतल्या १६ मालिकांपैकी यजमानांनी सातच जिंकल्या. सोळा हा आकडा लहान आहे, त्यावरून फार मोठं अनुमान काढू नये. तरीही न्यायासाठी आणलेली दुरुस्ती निकालात कुठे दिसत नाही, एवढं म्हणता येतं. २०२२ मध्येच ब्रेव्ह्ज आणि मेट्स दोघेही १०१ विजयांवर थांबले. पूर्वी अशा वेळी विभागाचा निकाल १६३ व्या सामन्याने लागला असता. तो सामना आता रद्द झाला आहे. आपापसांतल्या सामन्यांत ब्रेव्ह्ज १०-९ असे पुढे होते म्हणून त्यांना विश्रांती मिळाली, आणि मेट्स ८९ विजयांच्या सॅन डिएगो पाड्रेजकडून मालिका हरून बाहेर गेले. त्याच पाड्रेजनी पुढच्या फेरीत १११ विजयांच्या डॉजर्सना पाच सामन्यांच्या मालिकेत ३-१ असं हरवलं. हंगामात डॉजर्सनी त्यांना १९ पैकी १४ वेळा हरवलं होतं.

एका सामन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही मला पटतं, अर्ध्यापर्यंत. ३० सप्टेंबर २०१४ ची कॅन्सस सिटीतली रात्र ज्याने पाहिली, त्याला ती विसरता येणार नाही. रॉयल्स १९८५ नंतर पहिल्यांदाच बाद फेरीत आले होते. आठव्या डावात ते ओकलंडविरुद्ध ७-३ असे मागे होते. मग त्यांनी बेस चोरायला सुरुवात केली. त्या सामन्यात एकूण सात बेस त्यांनी चोरले, बरोबरी साधली, बाराव्या डावात पुन्हा मागे पडले, पुन्हा बरोबरी साधली आणि साल्व्हादोर पेरेझच्या फटक्यावर ९-८ असे जिंकले. ही ताकद मालिकेच्या पहिल्या सामन्यात येत नाही. पण त्या हंगामात रॉयल्सचे विजय होते ८९ आणि ओकलंडचे ८८. तिथे एक रात्र शोभून दिसली, कारण दोघांनी आणलेली शिदोरी सारखीच होती.

मग करायचं काय? उत्तर बेसबॉलमध्येच आहे, फक्त अमेरिकेत नाही. दक्षिण कोरियाच्या लीगने २०१५ पासून चौथ्या आणि पाचव्या संघात जास्तीत जास्त दोन सामन्यांची फेरी ठेवली. दोन्ही सामने चौथ्याच्या मैदानावर. चौथ्याला एक विजय किंवा एक बरोबरी पुरते, पाचव्याला दोन्ही सामने जिंकावे लागतात. पहिली नऊ वर्षं पाचवा संघ कधीच पुढे गेला नाही. २०२४ मध्ये केटी विझने डूसान बेअर्सना दोनदा हरवून ते करून दाखवलं. जपानमध्ये २००८ पासून लीगच्या विजेत्याला निर्णायक मालिकेत एक विजय आधीच बहाल केलेला असतो. तरीही २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाचे योकोहामाचे बेस्टार्स विजेत्या योमिउरी जायंट्सना हरवून पुढे गेले आणि जपान सीरीज जिंकले. दार बंद नाही, फक्त त्याला उंबरठा आहे. आपल्या आयपीएलमध्येही २०११ पासून पहिल्या दोन संघांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते, हे आपण दरवर्षी पाहतोच.

मघाचंच गणित इथे लावू. ५५ टक्क्यांच्या संघाला कोरियन पद्धतीत पुढे जाण्याची शक्यता जवळजवळ ८० टक्के होते, तीही दोन रात्रींत. सात सामन्यांच्या मालिकेत जे ६१ च्या वर जात नाही, ते इथे ८० ला पोहोचतं. सामने वाढवून न्याय वाढत नाही. आधी कमावलेलं सोबत नेऊ दिलं की वाढतो.

तेव्हा मेजर लीगने दोन गोष्टी कराव्यात. बाद फेरीतले क्रमांक विजयांवर लावावेत, विभागावर नाही. अमेरिकेतल्याच एनबीएने बास्केटबॉलमध्ये हे २०१५-१६ च्या हंगामापासून केलं आहे आणि त्याने काही बिघडलं नाही. आणि पहिल्या फेरीत दोन संघांच्या विजयांत मोठं अंतर असेल, तर वरच्या संघाला एक विजय हातात देऊन मैदानात उतरवावं. अंतर एक-दोन विजयांचं असेल तर खुशाल एकच सामना खेळवावा. तो जितका थरारक तितकाच न्याय्य असेल.

यातली पहिली दुरुस्ती पायरेट्ससाठी उशिरा आली असती तरी चाललं असतं, पण ती आलेलीच नाही. २०१५ च्या त्या रात्रीनंतर २०२५ पर्यंतच्या दहा हंगामांत पिट्सबर्ग एकदाही बाद फेरीत पोहोचलेलं नाही.